बाथरूम फोडण्याआधी प्लंबरचं जुनं काम पाहिलंत का?

दर, दिवस आणि पाइपची कंपनी एवढंच विचारून आपण घराची भिंत फोडायला देतो. परवाना कोणाच्या नावावर आहे, मागची कामं कुठं झाली, हे विचारायचं राहूनच जातं. त्याची किंमत बहुतेक वेळा खालच्या मजल्यावरचा शेजारी आधी मोजतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. ‘जरा खाली येऊन जाता का?’ त्यांच्या बाथरूमच्या छताला ताटाएवढा ओला डाग पडला होता. डागाच्या मध्यावर थेंब जमत होता आणि खाली ठेवलेल्या बादलीत पडत होता. काकू काहीच बोलल्या नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. आमच्या बाथरूमचं काम मार्चमध्ये झालं होतं. नव्या टाइल्स, नवे पाइप, सगळं नवं.

वर येऊन कंत्राटदाराला फोन लावला. उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला तेव्हा तो म्हणाला, ‘काका, पावसाचं असेल, वाळू द्या.’ तिसऱ्यांदा लावला तेव्हा नंबर बंद होता.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला दोनच गोष्टी विचारल्या. त्याचा महापालिकेचा प्लंबर परवाना आहे का? आणि त्यानं याआधी कोणत्या इमारतींत काम केलंय? मला दोन्ही माहीत नव्हतं. माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अंदाजपत्रकाचा फोटो होता, यूपीआयचे चार स्क्रीनशॉट होते आणि एक व्हिजिटिंग कार्ड होतं. कार्डावर ‘सर्व प्रकारची प्लंबिंग, टाइल्स, पीओपी व पेंटिंगची कामे’ असं छापलेलं होतं. काम देताना मी दर विचारला होता, किती दिवस लागतील ते विचारलं होतं आणि पाइप कोणत्या कंपनीचे वापरणार तेही विचारलं होतं. बाकी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका मित्राचा शब्द होता. त्याच्याकडे त्या माणसानं फक्त बेसिन बसवलं होतं.

हे एकट्या माझ्या गाफीलपणाचं प्रकरण असतं तर इथं लिहिलं नसतं. पण या विषयावर बोलायला लागल्यापासून जो भेटतो त्याच्याकडे अशीच एक गोष्ट असते.

झाकलं जाणारं काम

रंगाऱ्यानं वाईट काम केलं तर त्याच संध्याकाळी दिसतं. सुताराचं दार घासायला लागलं की कळतं. प्लंबरचं तसं नाही. त्याचं खरं काम टाइलच्या मागं आणि फरशीच्या खाली जातं. सांध्याला सॉल्व्हंट सिमेंट नीट लावलं की नुसतं पुसलं, सांडपाण्याच्या पाइपला उतार दिला की अंदाजानं टाकला, सनकन भागातल्या ब्रिकबॅटखाली वॉटरप्रूफिंग झालं की नाही, यातलं काहीच काम संपल्याच्या दिवशी दिसत नाही. त्या दिवशी दिसतो तो फक्त चकचकीत नळ. चूक कळायला चार-सहा महिने जातात आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात.

म्हणून या धंद्यात माणसाची परीक्षा त्याच्या आजच्या कामावरून होत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यानं झाकलेलं काम आज कसं आहे, एवढाच त्याचा खरा दाखला. तो दाखला मागायची मात्र आपल्याकडे पद्धत नाही.

गंमत बघा. फ्लॅट घेताना आपण मोबाइलवर महारेराची साइट उघडतो, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकतो, बिल्डरवर तक्रारी आहेत का ते बघतो. २०१७ पासून ही सवय लागली आणि चांगली लागली. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष निघाला तर बिल्डरनं तो ३० दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणजे पहिल्या ५ वर्षांत गळतीला एक धनी असतो. त्यानंतर पुढची तीस-चाळीस वर्षं आपण त्याच घरात राहतो, त्यात दोनदा तरी बाथरूम फोडतो, आणि त्या प्रत्येक वेळी घर ज्याच्या हाती देतो त्याचं आडनावही कित्येकदा ठाऊक नसतं. मोबाइलमध्ये नाव ‘प्लंबर नवीन’ असं साठवलेलं असतं. माझ्याकडे ‘प्लंबर नवीन २’ पण आहे.

परवाना असतो, पण कशासाठी?

प्लंबरला परवाना असतो हेच अनेकांना नवीन वाटेल. मुंबईसाठीचा १८८८ चा महापालिका कायदा आणि इतर शहरांसाठीचा १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, या दोन्हींत पालिकेनं प्लंबरांना परवाने देण्याची तरतूद आहे. नवी नळजोडणी घ्यायची, तिचा आकार बदलायचा, नव्या इमारतीचं सांडपाणी पालिकेच्या वाहिनीला जोडायचं, अशा कामांचे अर्ज आणि दाखले परवानाधारक प्लंबरच्या सहीनं जातात. परवान्याला मुदत असते आणि त्याचं नूतनीकरण करावं लागतं.

अडचण पुढं आहे. तुमच्या फ्लॅटच्या आतलं काम या चौकटीत जवळजवळ येतच नाही. टाइल्स बदलणं, नळ-शॉवर बदलणं, जुने लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसी टाकणं, अशा आतल्या डागडुजीला साधारणपणे पालिकेची परवानगी लागत नाही. आणि ते एका अर्थी बरंच आहे. नळ बदलायला वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या कोण झिजवणार? बाथरूमची जागा हलवायची असेल, स्लॅब किंवा बीमला हात लागणार असेल तर मात्र गोष्ट वेगळी. कुणाच्या स्वयंपाकघरावर किंवा झोपायच्या खोलीवर नवा संडास-बाथरूम काढणं हा केवळ शेजाऱ्याशी भांडण ओढवून घेण्याचा प्रश्न नाही, तो बांधकाम नियमांचाही प्रश्न आहे. तिथं आधी सोसायटीची लेखी परवानगी आणि मग वास्तुविशारदाचा सल्ला, हा क्रम चुकवू नका. ‘सगळे करतात हो’ म्हणणारा कंत्राटदार भेटला तर त्याला तिथंच नमस्कार करावा.

म्हणजे स्थिती अशी की, रस्त्यावरच्या जोडणीची नोंद सरकारदरबारी असते, पण जी कामं सर्वात जास्त होतात आणि ज्यांनी सर्वात जास्त घरं गळतात, त्या कामांचा माग कुठंच राहत नाही. आत कोण आला, त्यानं काय फोडलं, काय जोडलं, कशाचीही नोंद नाही.

परवाना एकाचा, हात दुसऱ्याचा

मग परवाना विचारून उपयोग काय? उपयोग आहे, पण पुढचा प्रश्नही विचारला तरच.

परवाना एकाच्या नावावर आणि प्रत्यक्ष काम करणारे हात भलत्याचेच, हे आपल्याकडे सर्रास चालतं. कंत्राटदार परवान्याची झेरॉक्स दाखवतो. नाव बघितलं तर वेगळंच असतं. ‘ते आमचे पार्टनर आहेत.’ ठीक आहे, मग पार्टनर एकदा येऊन काम बघून जातील का? पाइप झाकायच्या आधी एक दिवस येतील का? याला ‘हो’ म्हणणारा कंत्राटदार आणि ‘त्याची काही गरज नसते’ म्हणणारा कंत्राटदार यांच्यात मोठा फरक असतो. तेवढा फरक ओळखायला प्लंबिंग कळावं लागत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. परवाना नसलेला प्रत्येक माणूस अडाणी नसतो. देशभरातल्या शहरांत उत्तम प्लंबर म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांत ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याचे लोक फार मोठ्या संख्येनं आहेत. तिथल्या पट्टामुंडाईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. काका-मामाच्या हाताखाली पोरवयात कोलकात्याला, मुंबईला, पुण्याला आलेली ही माणसं नुसत्या आवाजावरून गळती सांगतात. त्यांच्या खिशात आपल्या महापालिकेचा परवाना नसतो. आपल्या आयटीआयमध्येही प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तिथून बाहेर पडलेला मुलगाही लगेच परवानाधारक होत नाही. तेव्हा परवाना नाही म्हणून माणूस बाद, असं मी म्हणणार नाही. मात्र परवाना नसेल तर मागच्या कामांचा दाखला दुप्पट कसून बघावा, हे नक्की म्हणेन.

न्यू जर्सीत गीझर बदलतानाही

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्याकडचा पाणी तापवायचा टाकीवाला हीटर बदलायचा होता. आपल्याकडे हे अर्ध्या दिवसाचं काम. तिथं आधी नगरपालिकेचा परमिट, मग काम, मग निरीक्षक येऊन बघून जाणार. भिंतीतले पाइप बदलायचे असतील तर भिंत बंद करण्याआधी एकदा तपासणी आणि काम पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा. ती वैतागून म्हणाली होती, ‘अरे, इथं नळ गळला तरी फॉर्म भरा!’ थोडी अतिशयोक्ती, पण थोडीच.

या कटकटीतून एक गोष्ट मात्र तयार होते, ती म्हणजे नोंद. अमेरिकेतल्या अनेक शहरांत घराचा पत्ता टाकला की त्या घरात कोणत्या वर्षी कोणत्या कामाचा परमिट निघाला हे घरबसल्या दिसतं. शिकागो शहर तर २००६ पासूनच्या बांधकाम परमिटची माहिती कंत्राटदारांच्या नावांसकट सर्वांसाठी खुली ठेवतं. कॅलिफोर्नियात राज्याच्या परवाना मंडळाच्या साइटवर कंत्राटदाराचा क्रमांक टाकला की परवाना चालू आहे का, विमा आहे का, त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, हे समोर येतं. प्लंबिंगसाठी तिथं ‘सी-३६’ असा परवान्याचा स्वतंत्र वर्गच आहे. म्हणून तिथला शहाणा माणूस कंत्राटदाराला काम देण्याआधी दोन गोष्टी बघतो: परवाना चालू आहे का, आणि त्याच्या नावावर मागं निघालेले परमिट तपासणी होऊन बंद झालेत का. परमिट काढला आणि शेवटची तपासणी केलीच नाही, असं चार-पाच ठिकाणी दिसलं तर तो माणूस अर्धी कामं टाकून पळणारा आहे हे न विचारता कळतं.

तिथंही ‘परमिट नको, स्वस्तात करून देतो’ म्हणणारे भेटतातच. माणूस सगळीकडे सारखाच. फक्त तिथं घर विकताना विनापरमिट केलेलं काम उघडं पडू शकतं, आणि भाव पाडून मागायला घेणाऱ्याला कारण मिळतं.

डाग पडला तर रंग लावू, इतकंच का हे?

कुणी म्हणेल, पाणी गळतं, डाग पडतो, पुन्हा रंग मारतो. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? तर डाग ही सर्वात किरकोळ गोष्ट आहे. स्लॅबमध्ये सतत ओल राहिली की आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते, काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. जुन्या इमारतींत छताचा गिलावा पलंगावर कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

आणि नहाणी ट्रॅप. बाथरूमच्या जाळीखालचा तो कटोरा, ज्याकडे आपण केस अडकल्याशिवाय बघत नाही. त्यात कायम थोडं पाणी साचून राहायला हवं. राष्ट्रीय इमारत संहितेत पाण्याच्या या बुचासाठी ५० मिलिमीटर उंची धरलेली आहे. तेवढ्या पाण्यानं सांडपाण्याच्या पाइपमधली हवा घरात यायची थांबते. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली, तेव्हा तपासात बाथरूमच्या जमिनीतले हेच ट्रॅप कोरडे पडलेले आढळले. लोक जमीन धुण्याऐवजी पुसून घेत होते, ट्रॅपमध्ये पाणी जात नव्हतं आणि एक्झॉस्ट पंखा पाइपमधली दूषित हवा आत ओढत होता. आपल्याकडे उंची वाचवायला किंवा टाइलची पातळी जुळवायला ट्रॅप उथळ बसवणारे किंवा काढूनच टाकणारे महाभाग आहेत. पाहुण्यांच्या बाथरूममधून वास येतो, झुरळं येतात, त्याचं मूळ बऱ्याचदा इथं असतं.

गॅस गीझरबद्दल तर वेगळा लेख लिहावा लागेल. हवा खेळायला जागा नसलेल्या बाथरूममध्ये तो बसवून देणारा माणूस घरातल्यांच्या जिवाशी खेळत असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. ‘बाथरूमच्या आतच बसवू, पाइप कमी लागेल’ म्हणणाऱ्याला त्याच क्षणी थांबवा.

मग नेमकं विचारायचं काय?

सुरुवात परवान्यापासून करा. परवान्याचा फोटो मागवा. नाव, क्रमांक, कोणत्या महापालिकेचा आणि मुदत कधीपर्यंत, एवढं बघा. पिंपरी-चिंचवडचा परवाना पुण्यात दाखवणारे आणि तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेला दाखवणारे दोघंही भेटतात. काही महापालिका परवानाधारक प्लंबरांची यादी संकेतस्थळावर ठेवतात. तिथं नाव शोधा. नसेल तर पाणीपुरवठा विभागात एक फोन करा. फारच मोठं काम असेल, उदाहरणार्थ सगळ्या सोसायटीची पाइपलाइन बदलायची असेल, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करून या परवानाधारकावर काही कारवाई झाली आहे का हे विचारता येतं. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. पाइपलाइनच्या कामाचं बजेट सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मंजूर व्हायला त्याहून जास्त दिवस जातात, तेव्हा वेळ नाही ही सबब चालणार नाही.

कंत्राटदार जीएसटी लावणार असेल तर त्याचा क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, कधीपासून आहे, चालू आहे की रद्द झाली, हे कुणालाही लॉगिन न करता दिसतं. ‘पंचवीस वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या फर्मची नोंदणी सहा महिन्यांपूर्वीची निघाली तर निदान कारण तरी विचारता येईल. एकटा काम करणारा छोटा प्लंबर जीएसटीच्या मर्यादेखाली असतो, त्याच्याकडे क्रमांक नसणं हा दोष नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. मागच्या कामांचे पत्ते मागा. पण गेल्या महिन्याचे नकोत. ज्या कामानं दोन पावसाळे पाहिले आहेत, अशी तीन कामं मागा. कंत्राटदार हौसेनं नव्या कामाचे फोटो दाखवील, व्हिडिओही दाखवील. त्यांचा काही उपयोग नाही. नवीन बाथरूम कुणाचंही छानच दिसतं.

आणि त्या पत्त्यावर गेलात की ज्याच्या घरी काम झालं त्याला भेटाच, पण तिथंच थांबू नका. एक जिना उतरा आणि खालच्या घराची बेल वाजवा. वरचा माणूस पैसे खर्च करून बसलेला असतो, तो कामाला वाईट म्हणायला सहसा तयार नसतो. खालच्या माणसाला असली भीड नसते, छत त्याच्याच डोक्यावर असतं. ‘वरच्या बाथरूमचं काम झाल्यावर तुमच्याकडे काही ओल आली का?’ हा एक प्रश्न तुम्हाला गुगलवरच्या पन्नास चांदण्यांपेक्षा जास्त सांगून जाईल. अनोळखी माणसाच्या दारात उभं राहायला संकोच वाटतो, मान्य. पण कारण सांगितलं की लोक आपणहून आत बोलावतात. गळतीचं दुःख सोसलेला माणूस या विषयावर भरभरून बोलतो.

रात्री अकराला पाइप फुटला तर यातलं काही करता येत नाही, हे उघड आहे. तेव्हा मिळेल त्याला बोलवावं लागतं. तेवढ्यासाठी आपल्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह कुठं आहे हे घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा आणि महिन्यातून एकदा फिरवून बघा. आमचा जाम होता.

काम सुरू झाल्यावर

पाइप टाकून झाले की टाइल लावायच्या आधी प्रेशर टेस्ट. हातपंपानं पाइपमध्ये दाब भरतात, काट्यावरचा आकडा काही तास तसाच राहायला हवा. वॉटरप्रूफिंग झालं की सगळी तोंडं बंद करून पाणी भरून ठेवायचं, किमान ४८ तास, आणि तेवढ्यात खालच्यांच्या छताकडे दोन-तीनदा बघून यायचं. उघड्या पाइपांचे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढं कधी भिंतीत खिळा ठोकताना हेच फोटो कामी येतात. या दोन चाचण्या अंदाजपत्रकातच लिहून घ्या. ‘टेस्ट कशाला, आमचं काम आहे’ असं उत्तर आलं तर माझ्यासारखं मान डोलावून गप्प बसू नका.

बिल पक्कं घ्या आणि थोडी रक्कम पावसाळा होईपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा. वाद झालाच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सदोष सेवेसाठी जिल्हा आयोगात जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहारांना तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि १९१५ या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. पण आयोगापुढं कागद लागतो. माझ्याकडे स्क्रीनशॉट होते, आणि ज्याच्या खात्यावर पैसे गेले तो कंत्राटदाराचा मेहुणा निघाला.

सोसायटीनं आणि महापालिकेनं करायचं ते

आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीनं दुरुस्त करायची आणि फ्लॅटच्या आतली सभासदानं. या एका वाक्यावरून किती सभा रात्री बारापर्यंत चालल्या असतील! वाद मिटवायला सोसायटीला करता येण्यासारखी एक स्वस्त गोष्ट आहे. कामाची परवानगी देताना एका वहीत चार रकाने भरून घ्यायचे: फ्लॅट, काय काम, कोणाकडून, परवाना क्रमांक असल्यास तो. पाचवा रकाना कोरा ठेवायचा आणि वर्षभरानं खालच्या घराला विचारून भरायचा. आज बहुतेक सोसायट्या राडारोड्याची अनामत रक्कम घेतात आणि कामाच्या वेळा सांगतात. लिफ्टमधून सिमेंट नेऊ नका म्हणतात. नोंद कुणी ठेवत नाही. पाच वर्षं ही वही चालली तर त्या इमारतीपुरता कुठला प्लंबर चांगला याचा निवाडा आपोआप होईल.

महापालिकांचं काय? बऱ्याच महापालिकांच्या ऑनलाइन सेवांच्या यादीत ‘प्लंबर परवाना’ आणि ‘प्लंबर परवाना नूतनीकरण’ या सेवा आहेत. अर्ज ऑनलाइन येतात, म्हणजे माहिती संगणकात आहेच. त्याच यादीत नादुरुस्त मीटर, पाण्याचा दाब, पाण्याची गुणवत्ता आणि अनधिकृत जोडणी यांच्या तक्रारींची सोय असते. परवानाधारक प्लंबरच्या कामाविषयी तक्रार करायला वेगळी खिडकी मला तिथं दिसली नाही. परवाना दिला, फी घेतली, पुढं तो माणूस काय करतो याच्याशी देणाऱ्याचा संबंध उरत नाही, असंच चित्र आहे.

माझी मागणी साधी आहे. परवानाधारकाचा क्रमांक टाकला की परवाना चालू आहे का, मुदत कधी संपते, त्याच्या सहीनं गेल्या पाच वर्षांत किती जोडण्यांचे दाखले गेले आणि किती तक्रारी शाबीत झाल्या, एवढं मोबाइलवर दिसावं. अमेरिकेसारखा घराच्या आतल्या प्रत्येक कामाला परमिट आणावा, असं मी मुळीच म्हणत नाही. आपल्याकडे त्याचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. नळ बदलायला एक फाइल आणि फाइलवर एक पाकीट. छोट्या कारागिराला त्याचा सर्वात जास्त जाच होईल. पण जी माहिती पालिकेकडे आधीच पडून आहे, ती उघडी करायला कुणाच्या पोटावर पाय येत नाही. उलट चांगलं काम करणाऱ्याला पहिल्यांदाच त्याचा फायदा मिळेल. आज तो आणि मेहुण्याच्या खात्यात पैसे घेणारा, दोघंही ग्राहकाला सारखेच दिसतात. मग निवड दरावर होते आणि दरात चांगला माणूस नेहमी हरतो.

आमचं बाथरूम नोव्हेंबरमध्ये पुन्हा फोडलं. काकूंचं छत दुरुस्त करून, रंगवून दिलं, तो खर्चही अर्थातच माझा. या वेळी काम देण्याआधी नव्या कंत्राटदारानं दिलेल्या तीन पत्त्यांपैकी दोन ठिकाणी जाऊन आलो. दुसऱ्या ठिकाणी खालच्या घरात एक आजोबा होते. मी कारण सांगितलं, त्यांनी बाथरूमचा दिवा लावला आणि आम्ही दोघं मान वर करून बघत राहिलो. छत कोरडं होतं, रंग जुना पण अख्खा होता.

‘वरच्यांनी बाथरूम नवीन केलं?’ आजोबांनी विचारलं. ‘कधी?’